सेकंदाला चोवीस वेळा वाकणारा शाफ्ट आणि त्याच्या अंगावरच्या रेघा

कानस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून धागा काढतोय.

माझं काम पंपांच्या देखभालीचं. खाऱ्या पाण्याच्या एका पंपाचा शाफ्ट दहा महिन्यांत तुटला. पंप पट्ट्यावर चालणारा, मिनिटाला १४५० फेरे, रात्रंदिवस. पट्ट्याच्या ओढीने शाफ्ट किंचित वाकलेला असतो आणि वाकलेलाच फिरतो. त्यामुळे त्याच्या अंगावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला जातो आणि एकदा दाबला जातो. सेकंदाला चोवीस वेळा. पाच दिवसांत एक कोटी फेरे पुरे.

आम्हाला शिकवलं होतं की पोलादाने एक कोटी फेरे काढले की त्या भाराला ते कायमचं टिकलं. पोलाद मध्यम कार्बनचं, ताणशक्ती ६०० मेगापास्कलच्या (ताणाचं एकक) आसपास. थकवामर्यादा, म्हणजे ज्याच्या खाली कितीही फेरे झाले तरी तुटायचं नाही तो ताण, त्याच्या निम्मी धरली, ३००. लेथचा पृष्ठभाग, व्यास वगैरेंची वजावट करून १५० उरली. प्रत्यक्ष ताण माझ्या हिशेबाने ६० च्या वर जात नाही. तरी साठ कोटी फेऱ्यांनंतर शाफ्टसाहेब स्लीव्हच्या (अंगावर चढवलेल्या नळीच्या) खाली तुटले.

या निमित्ताने घरी एक उद्योग केला. तांब्याची पट्टी लाल होईपर्यंत तापवून मऊ केली, एमरी पेपर आणि मग पॉलिश लावून आरशासारखी केली आणि पुढेमागे वाकवत बसलो. वीसेक वेळांतच चकाकी गेली. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर रेघाच रेघा. धातूच्या एका दाण्यात (म्हणजे बारीक स्फटिकात) एका दिशेने, शेजारच्या दाण्यात भलत्याच दिशेने. पॉलिश केलं की जातात, वाकवलं की परत हजर.

या रेघा म्हणजे काय? माझ्या शाफ्टवरही त्याच होत्या का? आणि खारं पाणी नसतं तर तो टिकला असता का?

गंजका_खिळा

धागा आवडला. आमचे जुने मिस्त्री अशा तुटलेल्या शाफ्टकडे बघून म्हणायचे, 'लोखंड कणीदार झालं, हादऱ्याने त्याचा जीव गेला.' बाकी जाणकार सांगतीलच. खुर्ची पकडून बसलोय.

ऐरण

खिळेभाऊ, तुमच्या मिस्त्रींची समजूत पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. रेल्वेचे आस तुटायला लागले तेव्हा मोठमोठे लोक हेच म्हणत होते, की तंतुमय लोखंड हादऱ्यांनी स्फटिकमय होतं. ८ मे १८४२ ला फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ आस तुटून गाडीचा भीषण अपघात झाला, तेव्हा ही चर्चा पेटली. पुढच्याच वर्षी रँकिन या अभियंत्याने दाखवलं की तडा आसाच्या खांद्यापाशी, जिथे व्यास एकदम बदलतो तिथे पृष्ठभागावर सुरू होतो आणि हळूहळू आत शिरतो. लोखंड आधीपासूनच स्फटिकमय असतं, तुटल्यावर फक्त दिसतं.

आता कानसरावांच्या रेघा. धातूच्या प्रत्येक दाण्यात अणूंचे थर रचलेले असतात. भार आला की काही थर एकमेकांवरून घसरतात आणि पृष्ठभागावर पायरी उमटते. पुष्कळ पायऱ्या जवळजवळ आल्या की एक रेघ दिसते. दाण्यागणिक थरांची दिशा वेगळी, म्हणून रेघांचीही वेगळी. १९०३ मध्ये युइंग आणि हम्फ्री यांनी स्वीडिश लोखंडावर नेमकं हेच पाहिलं. उलटसुलट भाराखाली आधी थोड्या रेघा आल्या, मग त्या रुंद आणि गडद झाल्या, आणि शेवटी त्यातल्याच काहींचे तडे झाले. त्या काळच्या मायक्रोस्कोपने पाहिलेलं हे वर्णन आजही बरोबर आहे, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पण तुमच्या पट्टीत आणि शाफ्टमध्ये मोठा फरक आहे. पट्टी तुम्ही हाताने वाकवलीत, तिथे जवळजवळ सगळेच दाणे घसरले. शाफ्टवरचा ताण इतका कमी की बहुतेक दाणे हूं की चूं करत नाहीत. घसरतात ते थोडेच, आणि त्या थोड्यांतल्याही अगदी अरुंद पट्ट्या. सगळा खेळ त्या पट्ट्यांचा आहे.

तांबूस

मी धातुशास्त्राची विद्यार्थिनी. ऐरणकाका म्हणतात त्या पट्ट्यांना आमच्याकडे 'चिवट घसरपट्टे' म्हणतात (हे भाषांतर माझंच, कुणाला चांगलं सुचलं तर सांगा). चिवट अशासाठी की १९५६ मध्ये थॉम्पसन, वॉड्सवर्थ आणि लोआट यांनी थकवलेल्या तांब्याचा पृष्ठभाग विद्युत-पॉलिशने काढून टाकला, रेघा पुसल्या गेल्या. पुन्हा भार दिला तर रेघा *त्याच जागी* उगवल्या. म्हणजे रेघ नुसती वरची नव्हती, खालचा धातूच तिथे बदललेला होता. दर काही फेऱ्यांनी असा वरचा थर काढत राहिलं तर तुकड्याचं आयुष्य वाढतं, हेही त्यांना दिसलं.

आत काय बदलतं तर तांब्यात शिडीसारखी रचना होते. डिसलोकेशनच्या (अणूंच्या रचनेतल्या रेषेसारख्या दोषांच्या, ज्यांच्या सरकण्याने थर घसरतात) दाट भिंती, साधारण १.३ मायक्रॉन अंतरावर एक, आणि मधली जागा बरीचशी मोकळी. या शिडीतला धातू आजूबाजूच्यापेक्षा शंभर-सव्वाशे पट जास्त घसरतो. बाहेरून तुकडा जेमतेम हलतो, आणि त्या पट्ट्यात मात्र दर फेऱ्याला एक टक्क्याची घसरण.

पुढचा प्रकार आणखी गमतीचा. १९५३ मध्ये फॉर्सिथला अॅल्युमिनियम-तांबे मिश्रधातूच्या घसरपट्ट्यांतून धातूच्या पातळ फिती बाहेर आलेल्या दिसल्या. खालून ढकलून काढाव्यात तशा! कॉट्रेल आणि हल यांनी १९५७ मध्ये तांब्यात फितींबरोबर आत शिरणाऱ्या खाचाही दाखवल्या. या खाचा म्हणजे तड्यांची बाळं.

सरळकोन

थांबा, इथे मला अडतं. भार पुढे दिला तेव्हा थर जितका घसरला, भार उलटल्यावर तितकाच मागे यायला हवा ना? मग पायरी मिटली पाहिजे. फिती आणि खाचा उरतात कशा?

ऐरण

अगदी मर्मावर बोट ठेवलंत. थर मागे येतो, पण *पूर्ण* येत नाही. गेला त्याच वाटेने येतो असंही नाही. याची दोन कारणं.

पहिलं आतलं. डिसलोकेशन जाताना दुसऱ्यांना भेटतात, काही एकमेकांना नाहीसे करतात, परत येताना शेजारच्या थरावरून येतात. दर फेऱ्यात बारीकशी चूक राहते. पत्त्यांचा जोड शंभर वेळा पुढेमागे सरकवून पाहा, कडा कधीच पहिल्यासारखी सपाट होत नाही. हे निर्वातातही घडतं, म्हणून निर्वातातही धातू थकतो. ज्यांना वाटतं की हवा काढून घेतली की थकवा गेला, त्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरं कारण बाहेरचं, आणि कानसरावांच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. पायरी उमटते तेव्हा जो धातू उघडा पडतो तो कोरा करकरीत असतो, आणि कोऱ्या धातूला हवा धीर धरू देत नाही. वातावरणाच्या एक अब्जांश दाबाच्या निर्वातातसुद्धा तिथे अणूभर जाडीचा थर बसायला साधारण एक सेकंद पुरतो. साध्या हवेत त्याच हिशेबाने सेकंदाचा अब्जांश भाग. तुमचा शाफ्ट अर्ध्या फेऱ्याला सेकंदाचा पन्नासावा भाग घेतो. त्याच्या दृष्टीने हे म्हणजे पायरी निघाली आणि तत्क्षणी तिच्यावर ऑक्साइड बसलं. आता भार उलटला की ती पायरी आत कशी जाणार? गेलीच तर ऑक्साइड बरोबर घेऊन जाते आणि समोरचा धातू पुन्हा धातूला जुळत नाही. निर्वातात तो बऱ्यापैकी जुळू शकतो.

वॉड्सवर्थ आणि हचिंग्ज यांनी १९५८ मध्ये तांबं, अॅल्युमिनियम आणि सोनं हवेत आणि निर्वातात थकवलं. तांब्याचं आणि अॅल्युमिनियमचं आयुष्य निर्वातात कितीतरी वाढलं. सोन्याचं वाढलं नाही. सोन्याला हवेशी काही देणंघेणंच नाही. इतका स्वच्छ प्रयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

तांबूस

+१. एक भर घालते. सगळ्या धातूंना एकच हवा एकाच कारणाने बाधत नाही. तांब्याला ऑक्सिजन बाधतो. अॅल्युमिनियमच्या बाबतीत खरा गुन्हेगार पाण्याची वाफ. कोऱ्या अॅल्युमिनियमची वाफेशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि तो धातूत शिरतो. म्हणून कोरडी हवा आणि दमट हवा यांत अॅल्युमिनियमचे निकाल वेगळे येतात, आणि चाचणीच्या अहवालात आर्द्रता लिहिलेली नसेल तर आमचे सर वही परत करतात.

आणखी एक. तुटलेल्या पृष्ठभागावर फेऱ्यागणिक उमटणाऱ्या बारीक वळ्या असतात ना, ज्या मोजून फेरे काढतात? काही अॅल्युमिनियम मिश्रधातूंत निर्वातात त्या वळ्या दिसतच नाहीत. ज्या खुणेला आपण थकव्याची सही म्हणतो ती सही बऱ्याच अंशी हवेने केलेली असते!

सरळकोन

हे भारी आहे. पण मग उलटा विचार: ऑक्साइड टणक असतो, तर तो पायऱ्यांना दाबून का धरत नाही? कवच चढवलं की काम झालं.

गंजका_खिळा

मीही हेच विचारणार होतो. त्या शाफ्टला हार्ड क्रोम (क्रोमियमचा टणक मुलामा) करून टाका की. आम्ही सर्रास करतो.

ऐरण

खिळेभाऊ, झिजेसाठी करा, थकव्यासाठी करू नका. क्रोमचा थर टणक पण ठिसूळ, आणि त्यात जन्मापासून बारीक भेगा असतात. खालचा धातू घसरायला लागायच्या आधीच तुम्ही त्याला हजारो तयार खाचा भेट दिल्या. अॅल्युमिनियमच्या अॅनोडायझिंगचंही (विजेने जाड ऑक्साइड चढवण्याचंही) तेच, गंज थांबतो पण थकवाशक्ती घटते. म्हणून जिथे क्रोम करावाच लागतो तिथे आधी शॉट पीनिंग करून घेतात. बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग पसरायला बघतो, खालचा धातू पसरू देत नाही, आणि वरचा थर कायमचा दाबाखाली राहतो. दाबाखाली तडा उघडत नाही.

कानसराव, तुम्ही तुटीचं वर्णन दिलंच नाहीत. रोगी न बघता औषध सांगतोय सगळे.

कानस

चुकलंच. तुटलेला भाग समोर ठेवून लिहितो.

तुटीचा पृष्ठभाग बहुतेक गुळगुळीत, मंद वर्तुळाकार खुणा, आणि मध्याजवळ बोराएवढा खरखरीत भाग. परिघावर सगळीकडून छोट्या छोट्या पायऱ्या, दहा-बारा तरी. स्लीव्हच्या कडेलगत तीन-चार मिमी रुंदीचा पट्टा, तिथे तांबूस तपकिरी भुकटी बसलेली. स्लीव्हच्या आतल्या बाकीच्या भागात काळपट ओलसर गंज आणि बारीक खड्डे. स्लीव्हखालची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) चपटी होऊन कडक झालेली.

सरळकोन

तांबूस भुकटी म्हणजे फ्रेटिंग! स्लीव्ह आणि शाफ्ट यांच्यात काही मायक्रॉनची हालचाल, दर फेऱ्याला घासाघीस. पृष्ठभागाची चिमटीभर धूळ सुटते, तिचा ऑक्साइड होतो, तो आणखी घासतो. पोलादाची भुकटी तांबूस, अॅल्युमिनियमची काळी. फ्रेटिंगने थकवाशक्ती निम्म्याहून खाली येऊ शकते. केस बंद.

ऐरण

इतकी घाई नको. फ्रेटिंग आहे हे मान्य. पण त्याने १५० चे निम्मे म्हणजे ७५ होतील, ताण ६० आहे. काठावर वाचायला हवा होता. शिवाय नुसतं फ्रेटिंग असतं तर तडे त्या कडेच्या पट्ट्यातच असते. कानसराव, तुटीपासून थोडं दूर, खड्ड्यांच्या भागात, शाफ्टच्या आडव्या दिशेने बारीक तडे दिसतात का? आधी तो भाग साफ करून घ्या.

कानस

आत्ता बघून आलो. रॉकेलने धुतला, भिंग लावलं. आहेत! तुटीपासून पंधरा मिमीवर चार-पाच, प्रत्येक एकेका खड्ड्यातून निघालेला. भुकटीच्या पट्ट्याच्या पुष्कळ बाहेर.

ऐरण

मग हे गंज-थकव्याचं प्रकरण आहे, फ्रेटिंगने हातभार लावला इतकंच. दहा-बारा ठिकाणांहून एकाच वेळी सुरुवात होणं आणि मधला तुटीचा भाग इतका लहान असणं, दोन्ही तेच सांगतात. ताण कमीच होता, तुमचा हिशेब बरोबर होता. चुकला तो १५० हा आकडा. तो कोरड्या हवेतला होता.

थकवामर्यादा हा पोलादाचा स्वभाव आहे असं आपण धरून चालतो. खाऱ्या पाण्यात तो स्वभावच उरत नाही. किती ताणाला किती फेरे टिकतो त्याचा आलेख एका ठिकाणी आडवा व्हायचा तो खालीच जात राहतो. हवेत घसरपट्ट्यांना खाच तयार करायला कोट्यवधी फेरे लागतात, इथे खड्ड्याने ते काम आयतं करून दिलं. खड्ड्याच्या तळाशी ताण एकवटतो, तिथेच पायऱ्या उमटतात, उमटलेली पायरी कोरी म्हणून तीच आधी गंजते, ती गंजली म्हणून तिथेच आणखी घसरतं. एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन चढतात दोघे. आधी गंजवून मग कोरड्यात थकवलेला तुकडा आणि गंजतानाच थकवलेला तुकडा, यांत दुसरा फार लवकर तुटतो.

पाचवी_वेलांटी

माझा पेशा वेगळा, पण हे वाचून एक शंका. असे शाफ्ट, पूल वगैरे प्रयोगशाळेत तपासतात तर हे आधी कळत का नाही?

ऐरण

वेळ, ताई! हवेतली चाचणी भराभर उरकता येते. सेकंदाला पन्नास फेरे दिले तर दहा लाख फेरे साडेपाच तासांत होतात, आणि वेग वाढवल्याने निकाल फारसा बिघडत नाही. गंजाला मात्र घड्याळ कळतं. समुद्रातल्या तेलउद्योगाच्या फलाटावर लाट दर दहा सेकंदांनी येते. त्याच गतीने दहा लाख फेरे द्यायचे तर ११६ दिवस, आणि एक कोटीला तीन वर्षांच्या वर. तेव्हा लोक वेग वाढवतात, गंजाला वेळच मिळत नाही, आणि आकडा गोड येतो.

उत्तर समुद्रातला अलेक्झांडर किलँड हा फलाट २७ मार्च १९८० ला उलटला, १२३ माणसं गेली. सुरुवात एका दुय्यम वेल्डपाशी झाली. एका यंत्राचा आधार बसवायला मारलेला सहा मिमीचा वेल्ड, ज्याच्याकडे भार वाहणारा भाग म्हणून कुणी बघितलंच नव्हतं.

तांबूस

विमानांतलं उदाहरण अलोहा २४३. २८ एप्रिल १९८८, हवाई बेटं, उडत्या बोइंग ७३७ चं छप्परच उडालं. विमानाची ८९,६८० उड्डाणं झाली होती, दर उड्डाणाला केबिन एकदा फुगते आणि एकदा बसते. सगळी उड्डाणं छोटी, समुद्रावरची, खारट दमट हवेत. पत्र्यांच्या जोडातला चिकट थर सुटला, आत गंज धरला, भार रिव्हेटांवर आला आणि ओळीने सगळ्या भोकांतून तडे निघाले.

गंजका_खिळा

अवांतर विचारतो. माझा भाऊ रुळांच्या तपासणीवर असतो. तो म्हणतो की रुळाच्या डोक्यावरचा धातू चक्क एका बाजूला *वाहतो*, कडेला ओठ येतो. आणि उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात तडे जास्त त्रास देतात. हे तुमच्या घसरपट्ट्यांचंच का?

ऐरण

अवांतर नाही हो, याच कुळातलं आहे. फरक एवढाच की शाफ्टवर भार पुढेमागे सारखा असतो, रुळावर चाकाची ओढ बहुधा एकाच दिशेने. चाक आणि रूळ यांचा स्पर्श बोटाच्या नखाएवढ्या जागेत, दाब हजार मेगापास्कलच्या वर. दर चाकामागे पृष्ठभाग कणभर एकाच दिशेला सरकतो आणि तिथेच राहतो. लाखो चाकांनंतर वरच्या थरातले दाणे वाऱ्याने झोपलेल्या पिकासारखे आडवे पडलेले दिसतात, काप घेऊन बघावेत. धातूची ताणली जाण्याची ऐपत संपली की त्या आडव्या दाण्यांच्या रेषेतच तडा जातो.

आणि पावसाचं भाऊ बरोबर सांगतो. १९३५ मध्ये वे नावाच्या संशोधकाने रोलर एकमेकांवर फिरवून पाहिले. वंगणाचा द्रव असेल तरच पृष्ठभागावर खड्डे पडले, कोरड्यात पडले नाहीत. तिरक्या तड्यात द्रव शिरतो, चाक वरून येतं, तोंड बंद होतं आणि आतला द्रव तड्याला पुढे फाडतो. घर्षण कमी करायला घातलेलं तेलच तड्याचं पाचर होतं. इंग्लंडमधल्या हॅटफील्डला १७ ऑक्टोबर २००० रोजी रूळ फुटून चार जण गेले, तो याच जातीच्या तड्यांनी. म्हणून रूळ वरून घासून काढतात. थोडी झीज रुळाला *हवी* असते, थकलेला थर तडा खोल जायच्या आत निघून जातो.

तांबूसने सांगितलेला १९५६ चा पॉलिशचा प्रयोग आठवा. तेच, फक्त मैलोन्मैल.

सरळकोन

माझी केस उघडली म्हणायची. ऐरणकाका, दंडवत. फ्रेटिंगचं मी मागे घेत नाही, पण दुय्यम आरोपी करतो.

कानस

सगळ्यांचे आभार. ठरलंय ते असं: ओ-रिंग दर देखभालीला बदलायची, जुनी चांगली दिसली तरी. पाणी आत गेलंच नाही तर पुढचं रामायण टळतं. स्लीव्हच्या कडेला शाफ्टवर मोठी गोलाई. पीनिंगची सोय इथे नाही, पण लेथवर रोलर दाबून पृष्ठभाग बसवता येईल असं वाटतं. चालेल?

ऐरण

उत्तम चालेल. रोलरनेही वरचा थर दाबाखाली जातो. फक्त खड्डे त्या थरापेक्षा खोल गेले तर तो निरुपयोगी, म्हणून ओ-रिंगच पहिली. आणि शेवटचं पॉलिश कोणत्या दिशेने मारता?

कानस

लेथवर फिरता शाफ्ट, त्याला एमरी धरतो. म्हणजे गोल.

ऐरण

मग प्रत्येक ओरखडा नेमका ताणाला आडवा. तड्याला आखून दिलेली रेघ. लेथ थांबवून शेवटचा हात लांबीच्या दिशेने मारा. रोलर त्यानंतर.

गंजका_खिळा

तीस वर्षं गोल मारतोय. कुणी सांगितलं नाही.

कानस

आज मारला लांबीच्या दिशेने. हात भरून आले, एवढ्या लांबीला दीड तास गेला. उद्या रोलर. तुटलेल्या तुकड्याचा एक काप तांबूसला पाठवतोय, खड्ड्यांच्या तळाशी रेघा सापडतात का ते ती बघणार आहे.

तांबूस

पाठवा, पण तो भाग परत घासू नका, प्लीज! रॉकेलने धुतलात तेवढं पुरे.